चित्राभ्यास आणि दोषदर्शन

कर्माच्या फळावर दृष्टी ठेवू नये हा उपदेश ज्याने मनापासून स्वीकारला, त्याच्यापुढे लवकरच एक अडचण उभी राहते. फळाकडे पाहावयाचे नाही, तर केलेले कर्म बरे झाले की वाईट झाले, हे तरी कशास पाहावे? आणि ते पाहावयाचेच नसेल, तर आजचे कर्म कालच्याहून सुधारावे कसे? पुष्कळ सज्जन या अडचणीतून एक सोपी वाट काढतात. काम कसेबसे उरकतात आणि आपण निष्काम आहोत अशी मनाची समजूत घालतात. दुसरे काही याच्या उलट टोकाला जातात. प्रत्येक चुकीने ते कष्टी होतात आणि त्या कष्टी होण्यालाच आत्मपरीक्षण असे नाव देतात. दोघांचा घोटाळा एकाच जागी आहे. पण ती जागा एरवीच्या व्यवहारात सहज दिसत नाही. कारण बहुतेक कर्मांचा परिणाम उशिरा प्रकट होतो आणि त्यात अनेकांचे हात मिसळलेले असतात. चित्रकलेचा प्राथमिक अभ्यास मात्र याला अपवाद आहे. समोर वस्तू, हाती पेन्सिल, मांडीवर कागद. करणारा, करणे आणि झालेले, ही तिन्ही अर्ध्या घटकेत एकमेकांच्या शेजारी येऊन बसतात. म्हणून ज्याला चित्रकार व्हावयाचे नाही अशा गृहस्थानेही हा अभ्यास कसा चालतो, हे एकदा नीट पाहण्याजोगे आहे.

घरातला साधा पितळी तांब्या पाटावर ठेवावा आणि नवशिक्यास तो काढावयास सांगावे. पाहणाऱ्याची दृष्टी तांब्याच्या वर असल्यामुळे त्याचे वाटोळे तोंड चपट्या लंबवर्तुळासारखे दिसते. नवशिका ते जवळजवळ पूर्ण गोल काढतो. तांब्याचा तळ मात्र तो सरळ आडव्या रेषेने संपवतो. वास्तविक तळाची कडाही पुढच्या बाजूस वळलेलीच दिसते. इतकेच नव्हे, तर ती दृष्टीपासून अधिक खाली असल्यामुळे तिचे वर्तुळ तोंडाच्या वर्तुळापेक्षा थोडे अधिक उघडलेले असते. मग अशी उलटी चूक का व्हावी? हात कच्चा म्हणावा, तर तोच हात रोज झोकदार सही करतो. डोळा अधू म्हणावा, तर तोच डोळा तांदळातला खडा अचूक टिपतो. चूक होते ती ठाऊक असण्यामुळे. तोंड गोल आहे हे त्याला ठाऊक आहे, म्हणून तो गोल काढतो. तांब्या सपाट पाटावर टेकला आहे हेही ठाऊक आहे, म्हणून तळ सपाट काढतो. त्याने तांब्या पाहिलेलाच नाही. तांब्याविषयी त्याची जी समजूत होती ती त्याने कागदावर उतरविली.

माणसाचा चेहरा काढतानाही हेच घडते. समोरून सरळ पाहिले असता डोळे हे टाळू आणि हनुवटी यांच्या जवळजवळ मध्यावर असतात. नवशिका ते पुष्कळ वर चढवितो. डोळे, नाक, ओठ यांना तो महत्त्व देतो. कपाळ आणि केसांखालची कवटी ही त्याला रिकामी जागा वाटते, आणि रिकाम्या जागेला मन कागदावरही जागा देत नाही. जे आपल्याला महत्त्वाचे वाटते ते मोठे करणे आणि जे वाटत नाही ते दडपणे, ही खोड केवळ चित्रापुरती आहे असे कोणी म्हणेल काय?

कालिदासाच्या मालविकाग्निमित्र नाटकात या गोष्टीचा एक मार्मिक उल्लेख येतो. अग्निमित्राने मालविकेला प्रथम चित्रात पाहिलेले असते, आणि चित्रकाराने तिचे रूप वाढवून तर दाखविले नसेल ना, अशी त्याला शंका असते. पुढे ती नृत्यासाठी प्रत्यक्ष समोर येते, तेव्हा त्याला उलटच वाटू लागते. चित्र कमी पडले आहे, आणि ते काढणाऱ्याची समाधी शिथिल झाली असावी. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की कवीने येथे हाताला किंवा रंगाला बोल लावलेला नाही. चित्रातील उणीव ही अवधानातील उणीव मानली आहे. आपल्याकडे चित्र ही पुष्कळदा केवळ करमणुकीची बाब समजली जाते. हा एकच शब्द त्या समजुतीस पुरेसे उत्तर आहे.

अवधान शिथिल झाले की नाही, हे अवधान देणाऱ्यालाच कसे कळावे? ज्या मनाने समजूत तांब्यावर लादली, तेच मन चित्र तपासावयास बसले तर ते आपल्याच समजुतीला मान डोलावणार. चित्रकारांच्या पिढ्यांनी यावर अगदी साध्या युक्त्या शोधून काढल्या आहेत. हात कोपरात न वाकविता पेन्सिल समोर धरावी, एक डोळा मिटावा, आणि पेन्सिलीवर अंगठा सरकवून तांब्याच्या रुंदीत त्याची उंची किती वेळा बसते ते मोजावे. दोऱ्याला खडा बांधून ओळंबा करावा आणि तांब्याच्या काठाखाली त्याच्या पोटाचा नेमका कोणता भाग येतो ते पाहावे. कपाचा कान काढावयाचा असेल, तर कान न काढता त्याच्या आत जी मोकळी जागा दिसते तिचा आकार काढावा. कानाविषयी मनाची समजूत पक्की असते, त्या मोकळ्या जागेविषयी ती मुळीच नसते, म्हणून ती जागा बरोबर येते आणि तिच्या पाठोपाठ कानही बरोबर येतो. चित्र उलटे धरून पाहावे. रात्री मिटून ठेवावे आणि सकाळी पाहावे. आणि सर्वांत उत्तम म्हणजे आरशात पाहावे. इटलीतील आल्बेर्ती याने १४३५ च्या आपल्या चित्रविषयक ग्रंथात आरशाची ही शिफारस केली आहे आणि पुढे लिओनार्दोनेही केली आहे. तांब्याची उजवी कूस डावीपेक्षा फुगली असेल, तर ती सरळ पाहताना तासभर दिसत नाही. आरशात क्षणात दिसते.

या युक्त्या निरनिराळ्या दिसल्या तरी त्यांचे कार्य एकच आहे. स्वतः काढलेले चित्र त्या थोडा वेळ परक्याचे करून दाखवितात. आरशातले चित्र आपल्या हातून उतरलेले वाटत नाही, म्हणून तेथे डोळा पक्षपात करीत नाही. साक्षिभाव हा शब्द फार मोठ्या अर्थाने वापरला जातो आणि त्याला उगाच खाली ओढू नये. तथापि त्याचा अगदी लहानसा, घरगुती नमुना कोणाला पाहावयाचा असेल, तर तो भिंतीवरच्या आरशापुढे आपले चित्र धरून उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्यात दिसेल.

आता आरंभीच्या शंकेकडे वळता येईल. तांब्याचे तोंड फार उघडे झाले आहे हे पाहणे म्हणजे फळाकडे पाहणे आहे काय? तसे म्हणता येत नाही. तांब्या पाहून काढणे हे कर्म आहे, आणि काढलेला तांब्या समोरच्याशी ताडून पाहणे हे त्याच कर्माचे शेवटचे अंग आहे. विणकर विणलेले कापड उजेडात धरून पाहतो, स्वयंपाकीण शिताने भाताची परीक्षा करते, त्याप्रमाणेच ते आहे. फळ म्हणजे त्यानंतरचे सर्व: कोणी वाहवा करील, नाव होईल, शेजारच्या मुलापेक्षा आपला मुलगा पुढे जाईल, किंवा आपण कोणीतरी आहोत असे आपल्याला वाटेल. हे शेवटचे फळ फार चोरट्या पावलांनी येते. गीतेने योगाला कर्मातील कौशल्य म्हटले आहे, आणि भाष्यकार सांगतात की कर्म करूनही त्याचे बंधन लागू न देण्याची हातोटी हाच तेथे कौशल्याचा अर्थ आहे. तो अर्थ सोडून नुसत्या हस्तकसबाला योग म्हणणे बरोबर होणार नाही. परंतु उलट बाजूने हेही खरे आहे, की जो कर्म ढिसाळपणे करतो त्याचे बंधन सुटले असे मुळीच नव्हे. तो फळापासून सुटलेला नसून कर्मापासून पळालेला असतो, एवढेच.

बंधन कोठे लागले ते चूक दिसल्यानंतरच्या पहिल्या क्षणी कळते. एक विद्यार्थी चूक पाहताच कागद फाडतो. पाहणाऱ्यांना वाटते, याला केवढी तळमळ आहे! पण कागद फाडण्याने तांब्याचे तोंड सुधारत नाही. फक्त साक्षीदार नाहीसा होतो. वाईट तांब्या आपण काढला ही गोष्ट त्याला सहन झाली नाही. त्याच्या दुःखाचा विषय तांब्या नव्हता, आपण होता. स्वतःला तुच्छ लेखणे ही नम्रता आहे असा समज आपल्या समाजात फार खोल रुजला आहे, आणि तो चुकीचा आहे. आपला आत्माच आपला मित्र आणि तोच आपला शत्रू, असे जे सहाव्या अध्यायात सांगितले आहे, त्यातील शत्रू नेहमी आळसाच्याच रूपाने येतो असे नाही. कठोर न्यायाधीशाच्या रूपानेही तो येतो. दोष दाखविणारी वाक्ये दोन तऱ्हेची असतात. माझा हात वाईट आहे, हे एक वाक्य. तोंडाचे लंबवर्तुळ रुंदीच्या मानाने दीडपट उंच झाले आहे, हे दुसरे. पहिल्यात माप नाही, म्हणून त्यातून पुढे काही निघत नाही. दुसऱ्यात उद्या सकाळचा धडा आयताच मिळतो.

याच कारणाने जाणते शिक्षक आरंभी खोडरबर वापरू देत नाहीत. चुकलेली रेषा तशीच ठेवावी आणि तिच्या शेजारी दुसरी, अधिक बरोबर काढावी. दोन रेषांमधील अंतर हेच त्या दिवशीचे शिक्षण. रेषा आधी पुसली, तर हात पुन्हा त्याच जागी जातो, कारण कोठे जाऊ नये हे दाखविणारे काही उरलेले नसते. अग्नीबरोबर धूर असतो तसा प्रत्येक आरंभाबरोबर दोष असतोच, म्हणून आपले कर्म टाकू नये, असे अठराव्या अध्यायात सांगितले आहे. रेखाटनाच्या वहीचे पान पाहिले म्हणजे त्या धुराची उपमा डोळ्यांपुढे उभी राहते: एका रेषेभोवती फिक्या पाचसात रेषांचे जाळे, आणि त्यातून हळूहळू गडद होत गेलेला आकार.

आपल्या देशातील लाखो घरांत रोज सकाळी उंबऱ्यापुढे रेखाटन होते, ही गोष्ट चित्रकलेच्या चर्चेत सहसा कोणी बोलत नाही. महाराष्ट्रातील ठिपक्यांची रांगोळी घ्या, किंवा तमिळ प्रांतातील कोलम घ्या. चिमटीतून पीठ सोडताना खोडण्याची सोय नसते. हात थांबला तर ठिपका साचतो, घाई झाली तर रेषा तुटते. वर्षानुवर्षे हे करणाऱ्या गृहिणीच्या हाताची रेषा इतकी निश्चल असते की कलाशाळेतून शिकून आलेल्याने संकोचावे. शिवाय दुसऱ्या दिवशी सर्व झाडून टाकावयाचे आणि नव्याने मांडावयाचे, हा अनासक्तीचा पाठ तिला कोणी वेगळा द्यावा लागत नाही. तरीही याच गृहिणीपुढे तांब्या ठेवला तर ती पुष्कळदा इतरांसारखीच चुकते. यात तिचा कमीपणा नाही. रांगोळीत हाताचा अभ्यास होतो, डोळ्याचा होत नाही. तेथे आकृती आधीच ठरलेली असते आणि ती समोरच्या कशाशी ताडावयाची नसते. यावरून एक गोष्ट उघड होते. नुसत्या पुनरावृत्तीने कौशल्य येते, पण जेवढे पुन्हा केले तेवढ्याचेच येते. तांब्याचे तोंड रोज चुकीचे काढीत राहिले, तर वर्षअखेरीस चुकीचे तोंड फार सफाईने काढता येईल. रोजचे करणे आणि रोजचे तपासणे ही जोडी तुटली की अभ्यास हा शब्द उरतो, अभ्यास उरत नाही.

ही जोडी किती दूर नेऊ शकते याचे एक उदाहरण परदेशातील असले तरी सांगण्याजोगे आहे. व्हिन्सेंट व्हॅन गॉग हे नाव आता सर्वांच्या परिचयाचे आहे. त्याची झगझगीत रंगांची चित्रे पाहून लोकांना वाटते, की हा मनुष्य जन्मतः हाती कुंचला घेऊनच आला असावा. वस्तुस्थिती वेगळी आहे. १८५३ मध्ये जन्मलेला हा डच गृहस्थ चित्रविक्रीच्या दुकानात नोकरी करून, शिक्षकी करून, शेवटी बेल्जियममधील बोरिनाज या कोळशाच्या खाणींच्या मुलखात धर्मप्रचारक म्हणून राहिला. तेही काम टिकले नाही. १८८० मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याने चित्रकार होण्याचे ठरविले. त्या वेळची त्याची रेखाटने उपलब्ध आहेत. बर्फातून खाणीकडे निघालेल्या कामगारांचे एक आहे. माणसे ताठ आहेत, अंगांची ठेवण अवघडलेली आहे. त्या वयात असे चित्र पाहून दुसऱ्या कोणी हा नाद सोडला असता, आणि त्याला शहाणाही म्हटले गेले असते.

त्याने शार्ल बार्ग याची रेखाटनाची पाठमाला मागवून घेतली. पुतळ्यांच्या अवयवांपासून पूर्ण मानवाकृतीपर्यंत चढत जाणारी सुमारे दोनशे शिलामुद्रित पाने, आणि विद्यार्थ्याने ती समोर ठेवून जशीच्या तशी उतरवावयाची, अशी ही पाठमाला. या पाठमालेत कल्पनेला वाव नाही, आणि वाहवा मिळण्याचाही संभव नाही. व्हॅन गॉगने तिचे धडे पुनःपुन्हा गिरविले. मिले या फ्रेंच चित्रकाराच्या शेतकऱ्यांच्या चित्रांवरून, विशेषतः पेरणी करणाऱ्यावरून, त्याने अनेक वेळा नकला केल्या. १८८१ च्या सप्टेंबरात एत्तेन या गावाहून भाऊ थिओ यास लिहिलेल्या पत्रात तो कळवितो, की कुदळ चालविणारा शेतकरी आपण निरनिराळ्या स्थितींत पाच वेळा काढला. पाच वेळा का? पहिले चार फसले म्हणून नव्हे. पाठीचा वाक प्रत्येक स्थितीत वेगळा असतो म्हणून. पुढे १८८२ मध्ये हेग येथे असताना त्याने दोऱ्या ताणलेली एक लाकडी चौकट करवून घेतली. ती वाळूत रोवून तिच्यातून समोरचे दृश्य पाहिले, की दूरची छपरे आणि जवळची कुंपणे यांची प्रमाणे दोऱ्यांच्या आधाराने ताडता येतात. अशी साधने वापरणे कमीपणाचे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. आपल्या नजरेवर विश्वास न ठेवण्याइतकी सचोटी त्याच्यापाशी होती, म्हणूनच ती नजर पुढे विश्वासास पात्र झाली. १८९० मध्ये त्याच्या आयुष्याचा जो करुण शेवट झाला तो त्याला जडलेल्या मानसिक व्याधीचा भाग होता. त्याचा संबंध या अभ्यासाशी जोडून, कलेच्या नादाने माणसाचे असेच होते असे मुलांना सांगणारे वडीलधारे असतात. त्यांनी तसे न सांगावे हे बरे.

वडीलधाऱ्यांचा विषय निघालाच आहे तर त्यांच्या वाट्याचाही विचार केला पाहिजे. महाराष्ट्रात शालेय मुलांसाठी शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षा आहेत. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र असे त्यांचे विषय. त्यांतील श्रेणीमुळे दहावीच्या परीक्षेत काही वाढीव गुण मिळण्याची सोय झाल्यापासून त्यांना बसणाऱ्या मुलांच्या घरी पालकांचे लक्ष वाढले आहे. लक्ष वाढले ते चांगलेच. परंतु मुलाने वही पुढे केली की पालक दोनच गोष्टी बोलतात: फार सुंदर, किंवा हे काय काढले आहेस? दोन्हींत चित्राकडे पाहण्याचे श्रम वाचतात. स्तुतीने मूल चित्रापेक्षा आईबापांच्या मुद्रेकडे पाहावयास शिकते, आणि निंदेनेही तेच शिकते. त्यापेक्षा खरा तांब्या आणून चित्राशेजारी ठेवावा आणि विचारावे, यात आणि त्यात काय वेगळे दिसते रे? मूल जर म्हणाले की तळ सरळ झाला, तर त्या दिवशीचे काम झाले. पालकाला स्वतः चित्र काढता येण्याची यात काहीच गरज नाही.

दुसऱ्याने दाखविलेला दोष कितपत मानावा, याविषयी ग्रीक चित्रकार अपेलीस याची एक कथा रोमन ग्रंथकार प्लिनी याने नोंदविली आहे. एकही दिवस रेषा ओढल्यावाचून न जाऊ देण्याबद्दल जो प्रसिद्ध होता तोच हा अपेलीस. तो आपली चित्रे रस्त्यावरच्या लोकांना दिसतील अशी ठेवी आणि मागे लपून ते काय बोलतात ते ऐके. एका चांभाराने चपलेतील एक बंद चुकल्याचे दाखविले. अपेलीसने ते सुधारले. दुसऱ्या दिवशी चांभार खूश होऊन पायाच्या ठेवणीवरही बोलू लागला, तेव्हा मात्र चित्रकाराने बाहेर येऊन त्याला चपलेपुरतेच बोलावयास सांगितले. कथेचा उपयोग बहुधा चांभाराची हेटाळणी करण्याकडे होतो, आणि ते योग्य नाही. खरे कौतुक पहिल्या दिवसाचे आहे. एवढा नामांकित चित्रकार पडद्यामागे उभा राहतो, आणि ज्याला जे ठाऊक आहे त्याच्याकडून ते निमूटपणे घेतो.

राहिला वेळेचा प्रश्न. संसारी माणसाला वेळ कोठला? महाभारताच्या आदिपर्वात एक प्रसंग आहे. अर्जुन रात्री जेवीत असता वाऱ्याने दिवा विझला, आणि अंधारातही घास तोंडाकडेच जातो हे त्याच्या ध्यानात आले. हा सवयीचा प्रताप आहे हे ओळखून तो अंधारात धनुर्विद्येचा अभ्यास करू लागला. दिवा विझल्यावर जेवण थांबते असे समजणारे शंभर निघतील. हाताकडे पाहणारा एक. अभ्यासाला वेळ सापडतो तो असाच, जेवणाच्या ताटावर. भाकरी होईपर्यंतची दहा मिनिटे, गाडीची वाट पाहण्यात जाणारी वीस, एवढी पुरेत. शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे दीर्घकाळ प्रमुख असलेले नंदलाल बोस पत्रिकेएवढ्या लहान कार्डांवर समोर दिसेल ते झाड, जनावर, माणूस टिपून घेत आणि अशी कार्डे विद्यार्थ्यांना व स्नेह्यांना टपालाने धाडीत. १९०९ च्या सुमारास अजिंठ्याच्या लेण्यांत बसून भिंतींवरील चित्रांच्या प्रती करणाऱ्यांत ते होते. पण त्या थोर भिंतींनी त्यांना लहान कार्डाचा कंटाळा आणला नाही.

अर्जुनाच्याच दुसऱ्या कथेविषयी मात्र येथे थोडी सावधगिरी हवी. त्याला झाड, फांदी, पक्षी काही न दिसता केवळ पक्ष्याचा डोळा दिसला, ही एकाग्रता बाण सोडणाऱ्याची. चित्र काढणाऱ्याने तिचे अनुकरण केल्यास फजिती होते. जो डोळ्यापासून आरंभ करून तोच घोटीत बसतो, त्याच्या पक्ष्याची शेपटी कागदाबाहेर जाते. त्याला डोळा, पक्षी, फांदी आणि पानांमधून दिसणारे आकाश ही एकमेकांच्या मानाने एकदम पाहावी लागतात. अवधान अनेक प्रकारचे असते, आणि कोणत्या कर्माला कोणते, हे त्या कर्मापासूनच शिकावे लागते.

नित्य अभ्यास करणाऱ्याला तिसऱ्याचौथ्या महिन्यात एक विचित्र अनुभव येतो. चित्रे सुधारत असतात आणि त्याला ती अधिकाधिक वाईट दिसू लागतात. कित्येकजण येथेच थांबतात. खरी गोष्ट अशी की डोळा हाताच्या पुढे गेलेला असतो. जी चूक आधी दिसतच नव्हती ती आता दिसते. ती काल जन्मलेली नसते. प्रत्येक पानावर तारीख घालण्याची जी पद्धत आहे तिचा उपयोग अशा वेळी होतो. पहिल्या आठवड्याचे पान काढून शेजारी ठेवले की मनाची तक्रार आणि कागदावरची हकिकत यांतील फरक दिसतो. मन येथे विश्वसनीय साक्षीदार नाही, कागद आहे. आणि मध्ये एखादा दिवस चुकला, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट काढून त्याची भरपाई करू नये. ती भरपाई अभ्यासाची नसते, अभिमानाची असते.

मग या अभ्यासाला शेवट कोठे? जपानचा चित्रकार होकुसाई याचे उत्तर प्रसिद्ध आहे. १८३४ मध्ये, पंचाहत्तरीच्या सुमारास, त्याने फुजी पर्वताच्या शंभर दृश्यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या अखेरीस तो लिहितो, की सहाव्या वर्षापासून आपल्याला वस्तूंचे आकार काढण्याची सवय होती, पण सत्तरीपूर्वी काढलेल्यात हिशेबात धरावे असे काही नाही. त्र्याहत्तराव्या वर्षी पशुपक्ष्यांची आणि वनस्पतींची घडण थोडीशी कळू लागली. ऐंशी, नव्वद, शंभर अशी पुढची वर्षे मोजीत तो एकशे दहापर्यंत जातो. तेव्हा कुठे प्रत्येक ठिपका आणि रेषा जिवंत होईल अशी त्याची अपेक्षा. ही फलाशा म्हणावी काय? कोणी म्हणेल. परंतु या मजकुराचा सूर तसा नाही. सत्तर वर्षांचे काम बाजूला सारताना त्यात खंत नाही आणि विनयाचे प्रदर्शनही नाही. एखादा प्रवासी किती कोस झाले आणि किती राहिले ते सांगतो, तसे ते आहे. एकशे दहा वर्षे त्याला मिळाली नाहीत. १८४९ मध्ये नव्वदीच्या उंबरठ्यावर तो वारला.

त्याच्या अखेरच्या काळातील एक गोष्ट त्या लेखापेक्षा कमी लोकांना ठाऊक आहे. १८४२ आणि १८४३ या वर्षांत, ऐंशी उलटून गेल्यावर, अरिष्ट दूर राहावे म्हणून त्याने रोज सकाळी एक सिंह काढण्याचा नेम धरला होता. सिंह म्हणजे चिनी कथांतील कुरळ्या आयाळीचा. विकण्यासाठी नव्हे, कोणी मागितला म्हणूनही नव्हे. शाईच्या थोड्या फटकाऱ्यांत कधी तो नाचतो, कधी मागे वळून पाहतो. त्यांतील दोनशेहून अधिक कागद आज शिल्लक आहेत, आणि त्यांवर ज्या त्या दिवसाची तारीख आहे.